एडसेलचा हॉर्न

कॉव्हेंट्रीला आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहायचे. जन्म मोटारीच्या कारखान्यात गेलेला, बायको वारलेली आणि गॅरेजमध्ये १९५८ची एडसेल. ही अमेरिकन गाडी जेमतेम तीन वर्षं निघाली आणि बंद पडली. तिच्या तोंडाचा उभट चंबू म्हणे लोकांना रुचला नाही. मला तो आवडायचा.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात नजर अधू झाली म्हणून आजोबांचं लायसन्स गेलं. लगोलग मुलीने गाडीला गिऱ्हाईक आणलं. आजोबांचा जीव त्या गाडीत, पण मुलीपुढे बोलणार काय! गिऱ्हाइकाला गाडी चालती दाखवायची होती. आजोबांनी ते काम माझ्या नवऱ्याला नाही, मला सांगितलं. का, ते मला कळलं नाही. पण पुण्यात गाडी चालवलेली, त्यामुळे नाही म्हणवेना.

तासभर शिकवणी झाली. स्टिअरिंग डावीकडे. गिअरचा दांडा नाहीच, स्टिअरिंगच्या मधोमध पाच बटणं. बटण दाबलं की गाडीखालची छोटी मोटर गिअर बदलते. उतारावर आधी ब्रेक लावायचा, मगच पार्कचं बटण, नाहीतर तो गिअर सोडवायला त्या मोटरचा जोर पुरत नाही. ही बटणं कंपनीने पहिल्याच वर्षानंतर काढून टाकली होती. मला निम्मं कळलं, मान मात्र पूर्ण हलवली.

शनिवारी गिऱ्हाईक फाटकापाशी उभं राहिलं. मी गाडी हळूच गॅरेजबाहेर काढली. फाटकाजवळ झुडपांचं उंच कुंपण, पलीकडचं काही दिसेना. दिसत नसेल तिथे हॉर्न द्यायचा, ही बाबांची शिकवण. मी सवयीने स्टिअरिंगच्या मधोमध पंजा मारला. आवाज आलाच नाही. गाडी थबकली आणि मागे निघाली. ब्रेक सापडेपर्यंत मागचा दिवा गॅरेजच्या खांबावर फुटला होता.

असला दिवा आता मिळणं कठीण, असं म्हणून गिऱ्हाईक निघून गेलं. मला रडू कोसळलं. आजोबांनी चहा केला. रागावणं दूरच, ते शीळ घालत होते.

"हॉर्न बाहेरच्या रिंगवर असतो," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं."

महिनाभर मी इंटरनेटवर तो दिवा शोधत होते. जेवण गोड लागेना. एके दिवशी पाहते तर गाडी अंगणात आणि दिवा जागच्या जागी. एक जादा दिवा फळीवर पेपरात गुंडाळून ठेवलेला होता, आजोबा म्हणाले. मग गिऱ्हाइकाला का नाही सांगितलं, हे ओठांवर आलं होतं, विचारलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, तू रोज आपली गाडी गेटमधून काढताना हॉर्न वाजवतेस. आजोबा माझ्याकडे दोनदा कम्प्लेंट करून गेलेत."

मला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग. शिकवताना आजोबांनी पार सीटखालच्या स्प्रिंगा दाखवल्या होत्या. हॉर्न तेवढा राहिला, की त्यांनी ठेवला, ते मला अजून कळलेलं नाही.