कातुंगूच्या अंगणातला उंचवटा

गोमा शहरातल्या एका आळीत वर्षानुवर्षं कुजबुज होती, की कातुंगूच्या अंगणातल्या काळ्या उंचवट्यात तिचा नवरा उभाच्या उभा थिजलाय. डोंगर फुटून आग शहरात वाहत आली, तेव्हा तो घर सोडेना म्हणे. तोंडावर कुणी बोललं नाही. पण प्रार्थनेला कातुंगूला विधवांच्या पुढच्या बाकावर जागा मिळे, तीही मधली.

पोट मात्र तिचं त्याच आगीच्या दगडावर. फोडायचा, निवडायचा, विकायचा. वरच्या थराचा दगड जाळीदार: हवा लागताच थिजला, वाफेचे बुडबुडे आतच अडकले. तो 'घाईचा', कुंपणाला. खालचा सावकाश निवलेला, घट्ट, जड. तो 'सबुरीचा', पायाला. काम्बाले गवंड्याने एकदा उत्तरेकडून ठिपक्याठिपक्यांचा पांढुरका दगड आणला.

"हा जमिनीच्या पोटातच निवला, वहिनी. इतका निवांत, की दाणे डोळ्यांना दिसतात. वरची जमीन झिजली तेव्हा कुठे उघड्यावर आला."

"तुमच्यावर गेलाय, भाऊजी. हाकलल्याशिवाय बाहेर पडायचा नाही."

मग लेकीला, काहिंदोला, दूरच्या बेनी शहरातलं स्थळ आलं. आग आली तेव्हा ही पोर आईच्या पाठीशी बांधलेली. कळायला लागल्यापासून दर रविवारी उंचवट्यावर फुलं वाहणारी.

"बाबांना एकटं टाकून मी बेनीला जायची नाही."

"ती माणसं किती थांबतील, बाळा?"

"नको थांबू देत. तू त्यांना सोडून पळालीस. मी नाही पळणार."

 कातुंगू हातोडा उचलून उंचवट्याकडे निघाली. दगड न्यायला आलेल्या काम्बालेने तिचा हात धरला.

"वहिनी, झाकलंय ते राहू द्या. उद्या बाकावर कोण बसू देईल तुम्हाला?"

"पुष्कळ बसले त्या बाकावर, भाऊजी."

वरचं कवच घाईचंच होतं, चार घावांत ढासळलं. आत विहिरीसारखी उभी पोकळी. आळी जमली. काहिंदोने हात घालून चाचपलं. भिंतीवर भेगांची नक्षी उमटलेली होती, सालीसारखी.

"आई, बाबांची हाडं कुठायत?"

"झाडाला हाडं नसतात गं."

तिथे एवोकॅडोचं झाड होतं. आग त्याच्याभोवती थिजली, झाड जळालं, जागा रिकामी राहिली. नवरा डोंगर फुटायच्या आठवडाभर आधीच दुसऱ्या बाईबरोबर बुकावूला निघून गेला होता. तो अजून तिथेच राहतो.