केन्याचं पान

शांते, तू तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होतीस, त्यामुळे तो दिवस तुला आठवत नसेल. कामरगावच्या स्टँडवर कारंज्याची एसटी उभी होती. माय निंदण अर्धवट टाकून थेट वावरातून आली. हात चिखलाने भरलेले, म्हणून तिनं मला कोपरानंच पुढं लोटलं. "जाय माय, जागा धर." शाळेत शिपाई असलेले आपले बाबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "शिकून वापस ये. इथल्या पोरींले शिकव." स्कॉलरशिप मिळवून मी विलायतेला पीएचडीसाठी निघाले होते. गाडी वळली तेव्हा माय वावराच्या वाटेला लागलेली दिसली. खाडा पडला तर मुकादम ओरडायचा.

तिथं पहिल्याच आठवड्यात गाइडनी ग्लासहाऊस दाखवलं. रांगेने कुंड्या, ठरलेला उजेड, ठरलेलं पाणी. आणि कुंड्यांत काय, तर केना! आपल्या केन्याचा सख्खा चुलतभाऊच. माय ज्याला शिव्या देत जन्मभर उपटत आली, त्याला इथं बाळासारखं जपत होते. मला आधी हसू आलं, मग रडू. गाइडना वाटलं, थंडी बाधली.

केन्याच्या पानाची साल अलगद सोलता येते. मायक्रोस्कोपखाली तिच्यावर बारीक तोंडं दिसतात, प्रत्येक तोंडाला ओठांसारख्या दोन पेशी. त्यांच्यात पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगतात आणि तोंड उघडतं. झाड तहानलं की पानात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. मग पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी ढिल्या होतात, तोंड मिटतं, उरलेलं पाणी वाचतं. हे आम्ल पोटॅशियमला आत येऊ देत नाही, की आतलं बाहेर घालवतं, की दोन्ही करतं? त्यापायी मी चार वर्षं साली सोलल्या. पोटॅशियम काळं दिसेल असा रंग द्यायचा आणि पेशींतले काळे ठिपके बघत बसायचं.

बाबांचं पत्र महिन्याला यायचं. तळाशी मायची एक ओळ: "तिथं भाकर भेटते का?" तिसऱ्या हिवाळ्यात आलेल्या पाकिटावर अक्षर तुझं होतं. बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. मी पत्र ॲप्रनच्या खिशात घातलं आणि लॅबमध्ये गेले. कुणाला काही सांगितलं नाही. गावी आले नाही. आता येऊन काय, असं मनाला समजावलं. ते खरं नव्हतं. मायसमोर उभं राहायचं भ्या वाटत होतं.

प्रबंध झाल्यावर आले, तेव्हा तू शाळेत होतीस. माय कपाशीच्या वावरात पराटी निंदत होती. मी तिच्या शेजारी बसले. हाती केना लागला, तसं तिला त्या तोंडांचं सगळं सांगितलं. तिनं पान उलटंपालटं करून पाह्यलं.

"दुष्काळात तोंड मिटून घेते म्हनतं. मंग पानी आलं का उघडते?"

"उघडते, पण लगेच नाही. आम्ल उतरायले टाइम लागते."

ती पुढं सरकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या बापाले ताप होता. सारखा इचारे, तिकडं आता किती वाजले असतीन? मी म्हनलं, मले काय समजते? सकाय झाली असंन तिकडं. तं म्हने, मंग पोरगी उठली असंन."

हे तिनं तुलाही सांगितलं नसेल. मी तिथंच मातीत बसून रडले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं मला रडू दिलं, आणि मग खुरपं माझ्या हातात दिलं.

महिन्याभराने मी तिकडच्या नोकरीवर गेले. बाबांचा शब्द मोडला.

आता मायही नाही. वावर आपलं कधीच नव्हतं, कामरगावची खोली तू वाशीमला गेल्यावर पडली. इथं लोक विचारतात, घर कुठं? मी गावाचं नाव सांगते, पण डोळ्यांपुढं गाव येत नाही. त्या दुपारी माय बाबांच्या गोष्टी सांगत होती आणि आम्ही दोघींनी मिळून पराटीची एक ओळ निंदून काढली. तेवढ्या ओळीएवढंच माझं घर आहे, शांते. अजून ते सुटत नाही.