लिंबोणी मी जाळली

मुदखेडपासून उदगीरपर्यंत आमच्या नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे की आमच्या नांदेडच्या घरची लिंबोणी सुनेचा हात लागून वाळली. ही गोष्ट खोटी आहे. ती लिंबोणी मी मारली, युरिया घालून. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि तरी मी नऊ वर्षं गप्प राहिलो. ते कसं घडलं, तेवढंच इथे लिहायचं आहे.

मी कृषी खात्यात नोकरी केली. निलंगा तालुक्यात काही वर्षं, मग मुदखेडच्या बाजूला. गावोगाव जाऊन मोसंबी-लिंबाच्या बागांबद्दल सांगायचं हे माझं काम. झाडाला काही दिवस पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा, मग खत-पाणी देऊन बहर धरायचा. यातलं प्रत्येक वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की आजही झोपेतून उठवलं तर सांगेन. खत बुंध्याजवळ घालू नका. कोरड्या मातीत घालू नका. आधी पाणी, मग खत, मग पुन्हा भरपूर पाणी. शाळेच्या भिंतीवर खडूने आळं काढून दाखवायचो. लोक मला कृषी साहेब म्हणायचे, आणि कॉलनीतले अजूनही म्हणतात.

घर बांधलं तेव्हा बायकोने माहेराहून, मुदखेडजवळच्या खेड्यातून, दुधाच्या पिशवीत कागदी लिंबाचं रोप आणलं. परसात मोरीच्या पाण्यावर ते वाढलं. पाचव्या वर्षी फळ धरलं, आणि मग गल्लीतल्या निम्म्या घरांत आमची लिंबं जायची. मी त्या झाडाला कधी हात लावला नाही. त्याचं सगळं बायको बघायची. पानं खाणाऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या ती चिमट्याने वेचायची आणि त्यांना शिव्या द्यायची. झाडाबाबत तिचा एक नियम होता. घरातल्या बाईने अडचणीचे चार दिवस लिंबोणीकडे फिरकायचं नाही. हात लागला तर झाड जळतं. तिच्या आईने तिला सांगितलेलं, आणि मला वाटतं तिच्या आजीने तिच्या आईला.

सून उदगीरची. तिच्या माहेरी असलं काही पाळत नसत. इथे आल्यावर ती देवघरापासून चार दिवस लांब राहायची, तेही जरा हसतच. बायकोही ताणून धरत नव्हती. दोघींचं बरं चाललं होतं.

मग पलीकडच्या घराची भिंत उंच झाली, ऊन कमी झालं, आणि दोन वर्षं लिंबं जेमतेम लागली. उन्हाळ्यात बायकोने बाजारातून लिंबं आणली. ती पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "उभ्या तालुक्याला अक्कल शिकिवली, आन् घरच्या लिंबोणीला लिंबू येईना. लोक इचारून राहिलेत, साहेब काय करतेत म्हणून."

सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांपर्यंतही ते पोचलं. एकजण रोज विचारायचा, "काय साहेब, आज कुणाच्या झाडाचं सरबत?"

मला ते लागलं. हिवाळा आला तसं मी ठरवलं की बहर धरून दाखवायचा.

आमची जागा भरावाची आहे, वर हातभर माती आणि खाली मुरूम. अशा जमिनीत दहा-बारा दिवसांचा ताण पुष्कळ होतो. मी महिना दिला. मोरीचं पाणीसुद्धा वळवलं. पानं मलूल झाली, निम्मी गळली. बायको रोज कुरकुर करायची आणि मी म्हणायचो, "शास्त्र आहे हे."

बायको भाचीच्या लेकराच्या बारशाला मुदखेडला गेली होती, त्या दुपारी मी कुदळ घेतली. बुंध्याभोवती खणलं. बारीक मुळं तुटत होती ते दिसत होतं. बायकोच्या भावांच्या शेतावरून आणलेला युरिया पोत्यात पडून होता. एका झाडाला किती घालायचा ते मला पाठ होतं. मी त्याच्या कितीतरी पट, अर्धं घमेलं घातलं. फळं लवकर दिसायला हवी होती, दुसरं कारण नाही. वर माती ओढली. त्या दिवशी नळाची पाळी नव्हती आणि टाकी खाली गेली होती, म्हणून दोनच बादल्या पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी लातूरला निघालो. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. झाडाला पाणी सोड, एवढं सुनेला सांगायचं राहून गेलं.

चार दिवसांनी परतलो तर पानं तळलेल्या पापडासारखी वळली होती. गळत नव्हती, फांदीवरच वाळली होती. मी हाताने माती बाजूला केली. युरियाचे पांढरे दाणे न विरघळता तसेच पडलेले, त्याखालची मुळं तपकिरी, बोटाने दाबली तर साल सुटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांत हे बघितलेलं. क्षणभरही शंका आली नाही.

पुढची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मी ते दाणे मातीसकट घमेल्यात भरले आणि मागच्या नालीत टाकले. टाकताना कुणी बघतंय का ते पाहत होतो. मग आळ्यात पाइप सोडून दिला. झाड वाचवायला सोडला असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर धुऊन टाकायला सोडला.

बायको दुसऱ्या दिवशी आली. हातातली पिशवीही न ठेवता ती परसात गेली आणि तिथून ओरडली. आम्ही दोघं बाहेर आलो, मी आणि सून.

"काय झालं गं हिला? जाताना ऱ्हायल्याली पानं तर हिरवी हुती."

सून म्हणाली, "दोन दिवसांपासून अशीच दिसतेय, आत्याबाई. मला वाटलं थंडीनं."

"थंडीनं लिंबोणी वाळती व्हय? खरं सांग, तू आलतीस का हिकडं?"

"कपडे काढायला आले होते. आभाळ आलं होतं."

"कवा?"

सुनेने बोटांवर मोजलं आणि खरं ते सांगितलं. "मंगळवारी. तिसरा दिवस होता माझा."

"हात लागला?"

"दोरी झाडालाच बांधलीय ना. लागला असेल."

"झालं. आता इचारायचं काय ऱ्हायलं."

"असं कसं होईल, आत्याबाई? आमच्या घरी आई चारी दिवस झाडांना पाणी घालते."

"तुमच्या घरी लिंबोणी हाय का?"

"नाही. जास्वंद आहे."

"जास्वंदीला काय हुतंय? जास्वंद उकिरड्यावर बी येती."

सुनेला हसू आलं. ती माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हीच सांगा ना आत्याबाईंना."

बायकोही म्हणाली, "हाव, सांगा. तुमी शिकल्याले. जळती का न्हाई?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. सून तर निर्धास्त होती. मी काय सांगणार हे तिला माहीत होतं. माझ्या नखांत अजून माती होती. मी म्हणालो, "लिंबू लई नाजूक झाड असतं."

एवढंच म्हणालो. विटाळाने जळतं असं मी म्हणालो नाही, हे नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो. पण कृषी साहेबाने नाही म्हटलं नाही, याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पुन्हा कधी मला अशा गोष्टीत साक्षीला घेतलं नाही.

त्यानंतर तिच्यासाठी चार दिवस वेगळं ताट आणि वेगळी सतरंजी आली. लोणच्याच्या बरणीवर बुरशी आली की आधी तिचे दिवस मोजले जायचे. लातूरला बहिणीकडे पापड लाटायला बायका जमल्या होत्या, तिथे दारातच बहिणीने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाजूला तर न्हाईस ना? न्हाई, तुझ्या हाताचं आयकलंय बाई आम्ही." ती आत न जाता गाडीत येऊन बसली. गाडीत मी होतो. काय झालं ते मी विचारलं नाही, कारण मला ऐकू आलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे व्याह्यांचं. गोष्ट उदगीरला पोचली तेव्हा सुनेचे वडील एसटीने आले, मांडीवर लिंबाचं कलमी रोप घेऊन. चहा घ्यायच्या आधी म्हणाले, "पोरीची चूक पोटात घाला. झाडाच्या जागी झाड आणलंय." मी तेव्हाही बोललो नाही. कुदळ घेऊन खड्डा खणला. त्यांनी स्वतःच्या हाताने रोप लावलं, आणि सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला जवळ यायची परवानगी होती त्या दिवशी, पण ती आली नाही.

ते झाड चांगलं वाढलं. त्याचं खत-पाणी मीच करतो, पुस्तकातल्यासारखं. व्याही मागच्या वर्षी वारले.

नात आता तेरा वर्षांची आहे. या उन्हाळ्यात ती सरबतासाठी लिंबं तोडायला परसात निघाली तर सुनेने तिला दारातच अडवलं. बायकोने नव्हे, सुनेने.

"आज नको. झाडाकडं जाऊ नकोस."

"का? आजीचं ते जुनं?"

"जुनं काही नाही. माझ्यानं एक गेलंय."

हे तिने साध्या आवाजात सांगितलं, दूध नासलं असं सांगावं तसं. जी पोर जास्वंदीचा दाखला देत होती, तिला आता ते खरं वाटत होतं. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. नात माझ्याकडे आली. "आबा, आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असलं काही नाही. तुम्ही तर कृषी साहेब. खरं आहे का हो?"

तोच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. मी म्हणालो, "नाही. आणि ते झाड तुझ्या आईनं मारलं नाही. मी मारलं." मग बायकोला हाक मारली, आणि तिघींसमोर घमेल्यापासून नालीपर्यंत सगळं सांगितलं.

बायको आधी बोलली. "नऊ वर्सं माझ्या तोंडून पोरीला बोल लावून घेतलात तुमी? मी तर अडाणी. तुमाला तर ठावं हुतं!" तिला रडू आलं, आणि ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. झाडं विटाळाने जळत नाहीत हे तिला पूर्ण पटलंय असं मी म्हणणार नाही. पण सतरंजी तिने स्वतः धुऊन धान्याच्या कोठीवर टाकली.

सुनेने एकच विचारलं. "बाबा रोप घेऊन आले, खड्डा तुम्ही खणलात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

ती आत गेली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने संध्याकाळचा स्वयंपाक केला, मला वाढलं. दोन दिवसांनी म्हणाली, "मामा, मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं की मी काही केलं नव्हतं. नंतर नंतर तेही विसरले, ही गोष्ट वेगळी. जिथं जिथं ते सांगितलं गेलं, तिथं तुम्ही सांगा."

म्हणून मी फोन केले. लातूरच्या बहिणीला केला. ती म्हणाली, "जाऊ दे दादा, जुनं कशाला उकरतोस." मी म्हटलं, "तू तिला दारात अडवलंस ते माझ्यामुळं." मुदखेडला बायकोच्या भावांना सांगितलं. सकाळच्या पेन्शनरांना सांगितलं. त्यातला सरबतवाला आधी हसला आणि मग हसायचा थांबला. उदगीरला विहीणबाईंना फोनवर सांगायला मला धीर झाला नाही, तिथे एसटीने गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हे ह्यांना सांगायला पाहिजे होतं." भिंतीवर व्याह्यांचा फोटो होता.

सगळ्यांना फोन होत नाहीत, आणि फोनवरचं लोक आपापल्या परीने पुढे सांगतात. म्हणून हे लिहिलं. नातेवाइकांना पाठवायच्या आधी सुनेला वाचायला दिलं. काही चुकीचं असेल तर सांग म्हटलं. तिने ओट्याशी उभ्या उभ्या सगळं वाचलं. नात परसात होती, वाकवलेल्या फांदीवरून लिंबं तोडत होती, आणि बायको तिला खिडकीतून काटे सांभाळायला सांगत होती.

सून म्हणाली, "एक राहिलंय. दोरीवर माझे कपडे नव्हते. तुमचे दोन शर्ट आणि धोतर होतं. तुम्ही लातूरला होतात, ते भिजतील म्हणून मी गेले होते. तेवढं लिहा."

कपडे माझे होते.