विंगेत बाबा

वाचता वाचता ओळी एकमेकींत शिरू लागतात. खालच्या रस्त्यावरची स्कूटर लांब जाते, मग खूपच लांब. रविवारची दुपार आहे आणि संध्याकाळच्या आत काकांशी बोलायचं आहे, त्यांचा नंबर काढून फोन उशाशी ठेवलाय, एवढं मला डोळे मिटतानाही ठाऊक असतं. गिरधरकाका, बाबांचे धाकटे भाऊ. मी हट्टाने करायला लावलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात गाठ दिसली आहे. लहान आहे, मुंबईत सुई घालून जाळता येईल, असं डॉक्टर सांगतात. काका जायला तयार नाहीत. ‘दादा गेला होता ना मुंबईले. का झालं?’ म्हणतात.

बाबा विंगेत बसलेले आहेत. वडसा गावातला नाटकाचा मंडप, पडद्याच्या कडेला त्यांची लोखंडी खुर्ची. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत ते आयुष्यभर प्रॉम्प्टर होते. ते गेल्याला दोन वर्षं झाली, हे मला स्वप्नातही माहीत आहे. त्याने काही बिघडत नाही.

“बस. हळू बोल, अंक सुरू हाये.”

“बाबा, किती बारीक झालात.”

“मेलेला माणूस जाडा होते का वं?”

त्यांच्या गळ्यात काविळीची माळ आहे. गावातल्या वैदूने ती डोक्यावर ठेवली होती. मुळ्यांची ही माळ लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली, असं आमच्याकडे मानतात. बाबांची माळ खाली येत राहिली आणि पोटात पाणी भरत राहिलं. आता ती त्यांच्या गुडघ्यांवरून घसरून जमिनीवर आली आहे, कनातीखालून बाहेर गेली आहे. मी तिच्या कडेकडेने चालते. बाबाही येतात.

कनातीपलीकडे मुंबईच्या इस्पितळाचा कॉरिडॉर आहे. फरशीवर घोटाभर पाणी, त्यात भाताची रोपं. बाकांवरची माणसं पाय वर घेऊन बसली आहेत. बाबांना तेव्हा तपासलेला तरुण डॉक्टर दारात येतो, बोटांच्या चिमटीत वाटाण्याएवढी जागा करून दाखवतो. “एवढी होती तेव्हा आणायचं होतं,” तो म्हणतो, आणि दार लावून घेतो.

“तवा कोनाले माहीत होतं?” बाबा मला विचारतात. “मशीन एका गावाले, डॉक्टर दुसऱ्या गावाले, अन् बिमारी घरी.”

“पुण्यात माझ्या शेजाऱ्यांची गाठ नेहमीच्या तपासणीत सापडली. एवढीच होती. आता रोज सकाळी टेकडीवर जातात.”

“मंग चांगलं झालं ना. त्या बिचाऱ्यावर काऊन चिडून रायली?”

“चिडत नाही.”

“हं,” ते म्हणतात. नटाने भलतीच ओळ म्हटली की ते असंच हं म्हणायचे.

आम्ही बांधावरून चाललो आहोत. दोन्हीकडे इस्पितळाचे पलंग, त्यांच्या चादरी वाऱ्याने हलताहेत.

“काकांना काय सांगू?”

“मी पोट फुगल्यावर गेलो. तो आपल्या पायानं चालत जाईन.”

“हे तुम्हीच सांगा ना.”

“प्रॉम्प्टर कवा स्टेजवर येते का?”

दिवे लागतात. मी रंगमंचावर उभी आहे. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या, फक्त पहिल्या रांगेत गिरधरकाका, हाताची घडी घालून. मी विंगेकडे पाहते. मग विंगेतून कुजबुज येते. नेहमीसारखा पहिला शब्द तेवढा.

“उशिरा…”

“उशिरा गेले बाबा, काका,” मी म्हणते. “त्यांना कावीळ म्हणून घरी ठेवलं आपण सगळ्यांनी. गाठ मोठी झाली, मग गेले. तुमची लहान आहे. त्यांचं झालं ते तुमचं होईलच असं नाही. मी नागपूरला येते, तिथून बरोबर जाऊ. मला आणखी एक माणूस घालवायचा नाही.”

मागून दुसरा शब्द येत नाही.

ऊन भिंतीवर चढलं आहे. माझा गाल कशावर तरी दाबला गेलाय, कडक आणि गरम. फोन. त्यातून पंख्याची घरघर येते आहे, कुठे तरी कोंबडी.

“झोपली का वं?”

मी उठून बसते. “काका?”

“मंग कोन? तूच लावला ना फोन. बोलत होती तं ऐकून रायलो होतो.”

पंखा ऐकू येतो.

“मुंबईले भात भेटते ना बरोबर?” काका म्हणतात. “पोळ्यांवर नाही जमत मले.”