मगदूम अण्णांच्या कानातला आवाज

नवा माणूस कामावर रुजू झाला की मगदूम अण्णा त्याला टेबलाजवळ बोलवायचे आणि आपला हेडफोन त्याच्या कानाला लावायचे. आत संगणक पडद्यावरची अक्षरं मराठीत वाचत असायचा, पण इतक्या वेगानं, की ऐकणाऱ्याला ती नुसती किरकिर वाटायची. "काय कळलं?" अण्णा विचारायचे. तो नाही म्हणाला की खूश व्हायचे. "मग डोळं घिऊन काय करतोयस?" मलाही पहिल्या दिवशी हेच ऐकावं लागलं.

अण्णा शिरोळकडचे. विशीत तापात त्यांची दृष्टी गेली. कोल्हापुरातल्या आमच्या पतसंस्थेत सभासदांचे फोन घेणं हे त्यांचं काम. कुणी खात्याबद्दल विचारलं की अण्णांची बोटं चालायची, कानात आवाज धावायचा आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार असायचं. आपल्या या कामाचा त्यांना माज होता, आणि तो ते लपवत नसत.

शेजारच्या टेबलावर साळोखेबाई बसत. रोज कागलहून यायच्या. संगणकाशी त्यांची गाठ उशिरा पडली. एकेक अक्षर शोधून दाबायच्या. त्या टकटकीकडे कान देऊन अण्णा मोठ्यानं म्हणायचे, "बाई, घरला जाऊन चटणी कुटा. हितं यंत्राला तरास नको." सगळे हसायचे. बाई पाणी प्यायला उठायच्या आणि बऱ्याच वेळानं परत यायच्या. जरा जपून बोला, असं मी अण्णांना एकदा म्हटलं. "मला कोण जपून बोललं? मी शिकलो, तशी ती बी शिकंल," एवढंच ते म्हणाले.

मग ऑफिसातले सगळे संगणक नव्या प्रणालीवर गेले. जुनीला सुरक्षेची अपडेट्स मिळणं थांबलं होतं, त्यामुळे बदल करणं भागच होतं. शनिवारी इंजिनिअर येऊन काम करून गेला. सोमवारी अण्णांनी हेडफोन लावला आणि नुसतेच बसून राहिले. त्यांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर उघडतच नव्हतं. इंजिनिअरनं दुसरं घालून पाहिलं. ते मराठी अक्षरं गाळून पुढं जायचं आणि आमच्या संस्थेच्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक चौकटीवर एकच शब्द म्हणायचं: बटन, बटन, बटन. मराठी आवाजाचं अपडेट येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. निदान माझं एक यंत्र जुन्यावर ठेवा, अशी अण्णांनी विनवणी केली. धोक्याचं आहे, म्हणून मॅनेजरसाहेबांनी ती नाकारली आणि पडदा वाचून दाखवायला साळोखेबाईंना त्यांच्या शेजारी बसवलं.

बाईंनी एकही आकडा चुकीचा वाचला नाही. फक्त अण्णा घाईनं काही बोलले की त्या विचारायच्या, "काय म्हणालासा?" अण्णा पुन्हा सांगायचे. बाई पुन्हा विचारायच्या. फोनवरचा सभासद हे ऐकत ताटकळायचा. हळूहळू सभासदच म्हणू लागले, फोन बाईंकडंच द्या. साहेबांनी तो बाईंच्या टेबलावर हलवायला सांगितला. शिपाई वायर सोडवत असताना अण्णा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते.

"बाई, मी तुमास्नी लई बोललोय," ते म्हणाले.

"व्हय. रोज बोललासा." तेवढ्यात फोन वाजला आणि बाईंनी तो घेतला.

अण्णांचा पगार चालू होता, काम नव्हतं. ते वेळेवर यायचे आणि हेडफोन लावून बसायचे. त्यात काही वाजत नसे. पूर्वी त्यांच्या जिभेचा मार खाल्लेली मंडळी जाता जाता त्यांच्या टेबलावर बोट आपटून म्हणायची, "बटन, बटन." अण्णा पावलांवरून माणूस ओळखत, पण कुणाचं नाव घेत नसत. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला.

निरोपाला शाल, नारळ आणि काचेत मढवलेलं मानपत्र दिलं. साहेबांना मीटिंगला जायचं होतं, म्हणून ते कुणी वाचून दाखवलं नाही. अण्णांनी काचेवरून हात फिरवला. स्टँडकडे जाताना रिक्षात मी ते वाचू का, असं विचारलं. "नको. खरं न्हाय ते," अण्णा म्हणाले.

उन्हाळ्यात इंजिनिअरनं मला सांगितलं, मराठी आवाजाचं अपडेट आलंय, चांगलं चालतंय. मी अण्णांच्या गावी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, उचलला. अण्णांना द्या म्हटलं.

"न्हाय घेत भावजी ते. फोन वाजला की उठून गोठ्यात जाऊन बसत्यात. काय सांगायचं हाय?"

पलीकडं म्हैस ओरडत होती. मी म्हटलं, "काही नाही वहिनी. सहज केला होता."