सुलावेसीतलं एक लांबलेलं आजारपण

ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायला एक इंडोनेशियन होता. सुलावेसी बेटावरच्या डोंगराळ मुलखातला, तोराजा जमातीचा. जेवायला आम्ही एकाच टेबलाला बसायचो. खिडकीतून हजर नावाच्या पर्वतरांगेचे तपकिरी कडे दिसत. "भाई, तुमचे हे डोंगर उघडे," तो म्हणायचा, जणू ते मीच आणून ठेवले होते. त्याच्याकडे धुकं, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आणि होडीसारख्या छपरांची घरं होती. ऐकून ऐकून मला ते गाव पाठ झालं होतं.

एका सकाळी तो म्हणाला, "आई आजारी पडली."

मी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. शुगर आहे का, बीपी आहे का, डॉक्टर काय म्हणतात? तो एवढंच सांगायचा, "आज भावाने तिला कॉफी दिली." कॉफी जाते म्हणजे सुधारणा आहे, असा धीर मी दिला. त्याच्या गावचा एक जण सुट्टीवर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर च्यवनप्राश पाठवला. सकाळ-संध्याकाळ एक चमचा, या सूचनेसह.

पुष्कळ महिन्यांनी जेवता जेवता तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये आईचे अंत्यसंस्कार आहेत. सुट्टी पाहिजे."

"अरे, ती आजारी ना? तारीख कशी ठरवलीत?"

"श्वास थांबला, त्या दिवशी आजारी पडली."

त्यांच्यात श्वास थांबला म्हणून माणूस मरत नाही, आजारी पडतं. देह टिकावा म्हणून औषध टोचून त्याला घरातच निजवतात, ताट वाढतात, खोलीत शिरताना हाक मारतात. लांबची मुलं परतली, रेडे जमले, की सोहळा होतो. पहिल्या रेड्याचा बळी गेला की माणूस मेलं. मग कड्यात कोरलेल्या थडग्यात नेतात.

"आणि च्यवनप्राश?"

"भाऊ रोज चमचाभर काढून ठेवतो. तुम्ही सांगितलं होतं ना."

सुट्टीसाठी मी त्याच्याबरोबर मॅनेजरांकडे गेलो. त्यांच्या केबिनमध्ये मान्यवरांना हार घालतानाचे त्यांचेच फोटो होते. "आई गेल्या वर्षी वारली, तर आता इमर्जन्सी कसली? ऑगस्टमध्ये शटडाउन आहे, दुरुस्तीला सगळे लागतील. खलास."

"सर, ती अजून गेलेली नाही," मी म्हणालो. सुट्टीची खरी गरज मलाच आहे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर तो शांत होता. "थांबेल ती. मी शाळेतून यायचो तोवरही जेवायची नाही."

मला त्याचा हेवा वाटला. माझे वडील पुण्यात दुपारी गेले, तेव्हा मी मस्कतच्या रुवी भागात नोकरीला होतो. मिळेल ते विमान पकडून घरी पोचलो, तर भाऊ आंघोळ करून, ओल्या केसांनी पायरीवर बसलेला. उन्हाळा होता, मंडळी घाई करत होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली. परत आला तो फोटो घेऊन. लाल मंडप, रेड्यांची रांग, पाहुण्यांची मिरवणूक आणि माइकवरून रेडे देणाऱ्यांची नावं पुकारणारा एक गृहस्थ. आपल्याकडचे सत्कार टाळण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं आहे. त्या गृहस्थाला मी लगेच ओळखलं.

"मामांना शेजाऱ्यांपेक्षा मोठा रेडा पाहिजे होता," तो म्हणाला. "आई असती तर रागावली असती." मग फोटो गोळा करत म्हणाला, "आता ती गेली." त्याचे डोळे भरले होते. आजारपणाच्या त्या सगळ्या काळात मी ते कधी भरलेले पाहिले नव्हते.

जरा वेळाने त्याने विचारलं, "तुमच्या वडिलांना किती दिवस ठेवलं होतं?"

"संध्याकाळपर्यंत."

तो विचारात पडला. "तुम्ही येताय हे घरी माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं," मी म्हणालो.