खंडेनवमीच्या दुपारी सर्व्हरमध्ये शिरलेला चोर

सांगतो, ऐका. पनवेलमधल्या एका लहानशा कॅन्सर हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळतो. हल्लेखोर मेलमधून येत होते, तेव्हा मी मेलच्या दारावर पहारा बसवला. मग ते खोट्या फोनवरून आले. तिथेही कडी घातली. खंडेनवमीच्या दुपारी, ऑफिस पेढे खाऊन पांगल्यावर, ते सीसीटीव्हीच्या यंत्रातून आले.

पडद्यावर पेशंटच्या फायलींची नावं बदलत होती, आणि एकेक फाईल कुलूपबंद होत होती. आमच्याकडे फायली गावांप्रमाणे लावतात. उरण गेलं. करंजाडे सुरू झालं. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला जोडलेली, म्हणजे तीही चोराच्या हाताखाली!

मी नेटवर्कच्या केबली उपटायला सर्व्हरच्या कपाटाकडे धावलो, तर ऑफिस सांभाळणाऱ्या बाई आडव्या आल्या. सर्व्हरची पूजा त्यांनीच मांडली होती.

"खबरदार! पूजेतलं यंत्र उद्यापर्यंत हलवायचं नाही."

"बाई, आत चोर आहे!"

"देवीसमोर? मेल्याचं धाडस बघा!"

"करंजाडे संपत आलं. पुढे नेरे!"

बाईंचा चेहरा उतरला. नेऱ्याच्या एका मावशींचे किरणोपचार चालू होते. उद्याच्या डोसचं सगळं मोजमाप त्या फाईलमध्ये होतं, आणि खंड पडता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाईंनी अक्षता टाकल्या, नारळ उचलला, "आई, माफ कर," म्हणाल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलात? ओढा!"

पण काय ओढू? झेंडूचा हार बाईंनी केबलींमधूनच ओवून बांधला होता. गाठ सुटेना. शेवटी मुठीत आलं ते ओढलं. हार, दोरा, केबली, सगळं माझ्या पायांवर.

नावं बदलायची थांबली. नेऱ्याच्याही वरच्या काही फायली गेल्या होत्या. मावशींच्या फाईलवर बोट ठेवलं आणि मी डोळे मिटले.

"उघडली हो!" बाई ओरडल्या. आधी ती कागदावर छापून घेतली, मग बाईंनी मावशींना स्पीकरवर फोन लावला. "उद्या ठरल्या वेळेला या हं."

"येनारच ना. दसरा हाय, सोनं नाय द्यायचं काय तुमाला? ते कॉम्प्युटरवाले पन हायत ना उद्या?"

मी वाकून पायांवरचा झेंडू गोळा करायला लागलो. त्या दुपारी माझ्या वतीने बाईंनाच "हो" म्हणावं लागलं.